स्टेडियम की लॉन? नाशिकच्या चौघांचा वाद आणि आईचे गुडघे

पत्र: आम्ही नाशिकचे चौघे मित्रमैत्रिणी. या हिवाळ्यात पैसे एकाच कॉन्सर्टपुरते आहेत, माणशी सात हजार. त्यातच तिकीट, जाणं-येणं, राहणं. पर्याय दोन आहेत. एक बँड नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर येतोय: मोठे पडदे, आतषबाजी, सगळा लवाजमा. आणि एक गायिका पुण्यात मोकळ्या लॉनवर गाणार आहे: सहा-सात हजारांची जागा, पियानो, गिटार, चार वादक. आम्हाला दोन्ही सारखेच प्रिय. गटात तट पडलेत. एक म्हणतो, स्टेडियमवर जाणं म्हणजे पैसे मोजून पडदा बघणं. दुसरी म्हणते, लॉनवर पुढच्याच्या डोक्यापलीकडे काही दिसत नाही. तिचा रोख माझ्याकडे, कारण माझी उंची पाच फूट एक इंच. त्यात माझी आई (वय ५९) ‘मी येणारच’ म्हणते. तिचे गुडघे दुखतात, पण गाणी तिला आमच्याइतकीच पाठ आहेत. कुणाचं ऐकू?

उत्तर:

तुमच्या दोन्ही मित्रांचं बरोबर आहे. फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत, एक अंतराबद्दल आणि दुसरी उताराबद्दल. कॉन्सर्टची जागा निवडताना या दोनच गोष्टी आधी बघाव्यात: स्टेजपासून आपण किती मीटरवर असणार, आणि पायाखालची जमीन चढती आहे की सपाट. नाव स्टेडियमचं असो, रेसकोर्सचं असो की लॉनचं, बाकीचं बरंचसं यातूनच ठरतं.

आधी अंतर. क्रिकेटच्या मैदानात खेळपट्टीच्या मध्यापासून सीमारेषा साधारण ६० ते ८० मीटरवर असते, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत १२० ते १६० मीटर. स्टेज एका टोकाला बांधतात आणि त्याची खोली थोडी जागा खाते. तरीही समोरच्या स्टँडमधल्या माणसापासून गायक साधारण १२० मीटर दूर असतो. आता हात सरळ पुढे धरा आणि अंगठ्याचं नख बघा. १२० मीटरवरचा सहा फुटी माणूस त्या नखापेक्षाही लहान, जेमतेम नऊ मिलिमीटरचा दिसतो. तोच ३० मीटरवर आला की साडेतीन सेंटिमीटरचा होतो, आणि चेहऱ्यावरचे भाव वाचता येतात ते साधारण इथपर्यंतच. समोरच्या स्टँडचं तिकीट घेतलं तर तुमचा मित्र म्हणतो तसं पडदाच बघावा लागेल. ते गृहीत धरूनच जायचं.

कानांचा हिशेब वेगळा आहे. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो, म्हणजे १२० मीटर यायला त्याला सेकंदाचा एक तृतीयांश लागतो. ड्रमरचा हात खाली आलेला दिसतो आणि ठोका नंतर ऐकू येतो. लांबच्या लोकांना आवाज क्षीण मिळू नये म्हणून मैदानात मध्येच उंच खांबांवर स्पीकर टांगतात. साउंडवाले त्यांना डिले टॉवर म्हणतात. साठ मीटरवरच्या टॉवरचा आवाज मुद्दाम १७३ मिलिसेकंद उशिरा सोडतात, म्हणजे तो स्टेजवरून आलेल्या आवाजाच्या बरोबरीने तुमच्यापर्यंत पोचतो. हे गणित नीट बसलं तर टॉवर आहे हे कळतही नाही. चुकलं, तर प्रत्येक शब्दाला शेपूट फुटतं.

स्टेडियमचा खरा शत्रू मात्र समोरची काँक्रीटची भिंत. तुम्ही मैदानाच्या मध्यभागी उभ्या आहात आणि मागचा स्टँड ८० मीटरवर आहे असं धरा. स्टेजवरचा आवाज तुम्हाला ओलांडून पुढे जातो, स्टँडवर आपटून परत येतो, म्हणजे १६० मीटर जादा चालतो. जवळजवळ अर्ध्या सेकंदाने तोच टाळीचा ठोका तुम्हाला पुन्हा, पाठीमागून ऐकू येतो. पन्नास मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की कान दोन आवाज वेगळे मोजू लागतात, इथे तर त्याच्या नऊपट. भरलेला स्टँड हा आवाज बराच शोषून घेतो, कारण माणसं आणि कपडे हे उत्तम शोषक आहेत. रिकाम्या प्लास्टिक खुर्च्या फारसं शोषत नाहीत. सुरुवातीच्या कलाकाराचा आवाज बरेचदा गढूळ वाटतो तो यामुळेही. तेव्हा निम्मा स्टँड अजून फाटकाबाहेर रांगेत असतो.

सहा-सात हजारांच्या लॉनवर हा प्रश्न फारसा येत नाही. मागे आपटायला भिंत नसते, आवाज मोकळ्यावर निघून जातो. सगळ्यात मागे उभा असलेला माणूसही स्टेजपासून ७०-८० मीटरवर असतो. थोडक्यात, लॉनवरची सगळ्यात वाईट जागा ही स्टेडियममधल्या बऱ्यापैकी चांगल्या जागेइतकी जवळ असते. पियानो आणि आवाज हेच सर्वस्व असलेल्या गायिकेसाठी हा फरक मोठा आहे. श्वास, शब्दाचा शेवटचा व्यंजनध्वनी, हे सगळं उंच पट्टीत राहतं, आणि हवा उंच पट्टीच खाते. लांब गेलात तर आधी हेच हरवतं, ढमढम शेवटपर्यंत पोचते. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत ही गळती आणखी वाढते. लॉनची एकच अडचण म्हणजे वारा. आडवा वारा सुटला की गाण्याची वरची पट्टी मधूनच विरते आणि परत येते, रेडिओचं स्टेशन सरकल्यासारखी. त्याला कुणाचाच इलाज नाही.

कानांपुरतं बोलायचं तर लॉन जिंकलं. डोळ्यांचं बघू, आणि इथे तुमची मैत्रीण जे म्हणते ते अगदी खरं आहे. तुमचे डोळे जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर. पुढच्या माणसाचं डोकं त्याहून २५ सेंटिमीटर उंच आणि तुमच्यापुढे ६० सेंटिमीटरवर. तुमच्या डोळ्यांपासून त्या डोक्यावरून जाणारी रेषा ३० मीटर लांब स्टेजपर्यंत ओढली, तर तिथे पोचेपर्यंत ती जवळपास १४ मीटर वर गेलेली असते. स्टेजची फळी असते दोन मीटरवर आणि गायिकेचं डोकं पावणेचार मीटरवर. म्हणजे डोक्यावरून तुम्हाला दिसणार फक्त छताचा लोखंडी सांगाडा आणि दिवे. गायिका दिसेल ती दोन डोक्यांमधल्या फटीतून, आणि ती फट दर मिनिटाला बदलते. वर कुणी मोबाइल उंच धरला की तीही जाते.

सवाई गंधर्व महोत्सवात हजारो श्रोते सपाट जमिनीवरूनच कलाकाराला बघतात, मग तिथे हे का होत नाही? कारण तिथे सगळे बसलेले असतात आणि मंच उंच असतो. उभ्या गर्दीत सपाट जमीन चालतच नाही. जगात जिथे ‘लहान मोकळी जागा’ म्हणून चाहते जीव टाकतात, तिथे बहुतेक वेळा उतार असतो. अमेरिकेत कोलोराडोमधलं रेड रॉक्स घ्या: साडेनऊ हजार माणसं, दोन प्रचंड खडकांच्या मधल्या नैसर्गिक उतारावर ७० रांगा. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून स्टेज दिसतो, आणि खडक आवाज बाहेर सांडू देत नाहीत. तिकडचे चाहते ‘स्टेडियम नको, लहान जागा हवी’ म्हणून भांडतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर असं काहीतरी असतं. आपल्याकडे तोच वाद उसना घेतला जातो, पण पर्याय म्हणून मिळतं ते सपाट लॉन, रेसकोर्स किंवा बीकेसीतलं एमएमआरडीएचं मैदान. उताराची मोकळी जागा मुंबईत होती, धोबी तलावचं रंगभवन. जॅझ यात्रा हा संगीत महोत्सव १९७८ साली तिथेच सुरू झाला. आजूबाजूला रुग्णालयं आणि महाविद्यालय, म्हणजे शांतता क्षेत्र; ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि तिथलं संगीत थांबलं. त्या नियमांमागचा हेतू योग्यच आहे, रुग्णांना झोप मिळालीच पाहिजे. पण त्या मापाची दुसरी जागा शहराबाहेर कुणी बांधल्याचं ऐकिवात नाही, याची हळहळ वाटते. दौऱ्यावर येणाऱ्या कलाकारापुढे आज बहुतेकदा मोठं स्टेडियम किंवा सपाट मैदान हेच रस्ते उरतात, आणि भुर्दंड पडतो तो पाच फूट एक इंच उंचीच्या प्रेक्षकाला.

स्टेडियमच्या स्टँडमध्ये उतार आयताच मिळतो. प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा साधारण ३० ते ४० सेंटिमीटर वर असते. डी. वाय. पाटीलचं छत मागून पुढे झुकलेलं आहे, त्याला प्रेक्षकांच्या मधोमध खांब नाहीत, त्यामुळे ‘खांबामागची सीट’ हे जुनं दुखणं तिथे नाही. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. अशा बँडचा अर्धा खेळ स्टेजवर नसतोच. कोल्डप्लेने जानेवारी २०२५ मध्ये याच स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला कार्यक्रम केले, तेव्हा प्रेक्षकांच्या मनगटावरच्या पट्ट्या गाण्याबरोबर रंग बदलत होत्या. तो रंगांचा समुद्र मैदानात उभ्या असलेल्यांना दिसत नाही, त्यांना आजूबाजूची वीस मनगटं दिसतात. तो दिसतो स्टँडमधून. पडदे, लेझर, आतषबाजी यांची मांडणीही लांबून आणि उंचावरून बघण्यासाठीच केलेली असते. अशा कार्यक्रमाला स्टँडचं तिकीट म्हणजे दुय्यम तिकीट, असं मानायचं कारण नाही.

आता निर्णय. आई नसती तर डोळे मिटून पुण्याचं लॉन सांगितलं असतं. ज्या गाण्यात आवाज आणि पियानोच सारं आहे ते जवळून ऐकावं, आणि अशी संधी वरचेवर येत नाही. पण तीन-चार तास सपाट लॉनवर उभं राहणं दुखऱ्या गुडघ्यांना झेपणार नाही, आणि खुर्ची मिळाली तरी भागत नाही. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर, पुढची उभी डोकी १७०-१७५ वर. खुर्ची ठेवायला चौथरा असेल आणि तो किमान तीन फूट उंच असेल, तरच आईला त्यावर बसून स्टेज दिसेल.

म्हणून पुण्याच्या आयोजकाला आजच ई-मेल लिहा आणि तीन गोष्टी विचारा. बसण्यासाठी किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी उंच चौथरा आहे का आणि किती फूट उंच? तो स्टेजपासून किती मीटरवर, साउंड कन्सोलच्या (मैदानात बसून आवाज जुळवणाऱ्यांच्या टेबलाच्या) पुढे की मागे? आईबरोबर एक सोबती तिथे बसू शकतो का? मोठ्या कार्यक्रमांत अशी सोय बहुधा असते, पण तिकिटाच्या पानावर ती ठळक नसते आणि आधी नाव नोंदवावं लागतं. आठवड्याभरात स्पष्ट उत्तर आलं आणि चौथरा तीन फुटांचा निघाला, तर पुण्याला जा. नाही आलं, किंवा ‘बघू, त्या दिवशी सोय करू’ असं गुळमुळीत आलं, तर वाट न बघता स्टेडियमची तिकिटं काढा. ‘त्या दिवशी’ गेटवरच्या सुरक्षारक्षकाच्या हातात काहीही नसतं.

स्टेडियम ठरलं तर सीट कुठली, हा पुढचा आणि जास्त महत्त्वाचा प्रश्न. तिकीट काढताना दिसणारा नकाशा उघडा आणि आधी स्टेज शोधा. मग स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूचे खालचे स्टँड बघा, स्टेजला काटकोनात असलेले नव्हेत, त्यापेक्षा थोडे मागे सरकलेले. तिथून अंतर ५० ते ७० मीटर पडतं, स्टेज तिरका पण पूर्ण दिसतो आणि पलीकडच्या स्टँडवरून येणारा परतीचा आवाज समोरून थेट येत नाही. स्टेजच्या अगदी शेजारचे ब्लॉक स्वस्त असतात, पण तिथून मुख्य पडदा कडेने दिसतो आणि टांगलेल्या स्पीकरची पाठ तुमच्याकडे येते. समोरचा स्टँड आवाजाला सरळ असतो, पण अंतर सगळ्यात जास्त.

खालच्या स्टँडमध्ये अगदी मागच्या रांगा टाळा. वरच्या मजल्याचा सज्जा तिथे डोक्यावर येतो, उंच टांगलेल्या स्पीकरचा आवाज त्या सज्ज्याने अडतो आणि तुमच्यापर्यंत ढमढम तेवढी पोचते. कागदावर ती जागा स्टेजला जवळ दिसते, ऐकायला मात्र वरच्या मजल्याहून वाईट. वरचा मजला घ्यावा लागलाच, तर पहिली-दुसरी रांग नको, बसल्यावर कठड्याचा गज नेमका डोळ्यांसमोर येतो. चौथीपासून पुढे ठीक. पण आईसाठी वरचा मजला शक्यतो नकोच, चढायचे जिने खूप होतात आणि परतीच्या गर्दीत ते उतरायचे असतात.

आणि ज्यावर बहुतेकांचा हिरमोड होतो ती गोष्ट: स्टँडमध्ये खुर्च्या असल्या तरी लोक बसत नाहीत. आवडतं गाणं सुरू झालं की पुढची रांग उभी राहते आणि मागच्या बसलेल्या माणसाला पाठी दिसतात. म्हणून आईची सीट आडव्या वाटेच्या लगेच मागच्या पहिल्या रांगेत शोधा. पुढे चालायची वाट असल्याने तिच्यापलीकडची रांग बरीच खाली आणि दूर असते. पुढच्यांची डोकी तेवढी आड येत नाहीत. ये-जा करणारे लोक मधून जातील, पण ते थांबत नाहीत. शिवाय तिथे पायही थोडे लांबवता येतात, आणि तासभर घडी करून ठेवलेला गुडघा हे फार जपून ठेवण्यासारखं सुख मानतो. सीट आत येण्याच्या तोंडापासून जितकी जवळ तितक्या पायऱ्या कमी. तिकीट घेण्याआधी ब्लॉकचं प्रवेशद्वार खालून आहे की मधून, हे मदत-क्रमांकावर विचारा.

सगळ्यांनी एकत्र बसायचं, की दोघांनी मैदानात उभं राहायचं? आत गेल्यावर एका विभागातून दुसऱ्यात जाऊ देत नाहीत, तेव्हा ‘मध्ये जाऊन आईला भेटून येऊ’ हे जमणार नाही. आईशेजारी दोघं, मैदानात दोघं, अशी वाटणी झाली तरी चालेल, पण आईला एकटीला बसवून चौघांनी मैदानात जाऊ नका. आणि तुम्ही स्वतः आईजवळच बसा. तुमच्या उंचीला तीच जागा जास्त फायद्याची आहे.

जे मैदानात उभे राहतील त्यांनी बॅरिकेडला चिकटायचा हट्ट सोडावा. उंच टांगलेले स्पीकर पहिल्या पाच-सहा रांगांच्या डोक्यावरून जातात, तिथे ऐकू येतं ते स्टेजच्या कडेवरच्या लहान स्पीकरचं आणि पायाशी असलेल्या सबवूफरचं, म्हणजे खालच्या सुरांच्या (बेसच्या) मोठ्या स्पीकरचं. चेहरा दिसतो, शब्द हरवतात. सगळ्यात चांगला आवाज साउंड कन्सोलच्या तंबूच्या आसपास, स्टेजपासून साधारण ३० ते ४५ मीटरवर, कारण मिक्सरवर बसलेला माणूस आवाज तिथे उभा राहूनच जुळवतो. तंबूच्या पुढे किंवा बाजूला राहा. मागे गेलात तर तंबूच आड येतो. बेस अंगावर घ्यायला आवडत नसेल तर मधल्या रेषेपासून दहा-बारा पावलं बाजूला सरका. डाव्या आणि उजव्या सबवूफरच्या लाटा मध्यरेषेवर एकत्र येऊन सर्वांत जोरात बसतात. उंची कमी असलेल्यांसाठी गर्दीतली वाट फार उपयोगी पडते. बॅरिकेडनी आखलेल्या मोकळ्या गल्लीच्या कडेला उभं राहिलं की एका बाजूला डोकी उरतच नाहीत. हीच युक्ती लॉनवरही चालते.

खर्चाचं. कोल्डप्लेच्या २०२५ च्या तिकिटांचे दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होते, यावरून एका स्टेडियमच्या आत किती पायऱ्या असतात ते लक्षात येईल. सात हजारांतून रात्रीच्या मुक्कामाचे आणि प्रवासाचे आधी बाजूला काढा, मग तिकीट बघा. कर आणि बुकिंगचं शुल्क पैसे भरायच्या शेवटच्या पानावर चढतं, तेव्हा दाखवलेल्या दरापेक्षा थोडी जास्त तजवीज ठेवा. मुक्काम कराच. रात्री अकराला निघून कसारा घाटातून पेंगुळलेल्या ड्रायव्हरबरोबर नाशिक गाठणं, किंवा पुण्याहून २१० किलोमीटर, यात वाचणारे पैसे त्या धोक्याच्या तोलाचे नाहीत. नेरूळ आणि वाशीच्या खोल्या कार्यक्रम जाहीर झाल्या दिवसापासून महागतात. तिकीट नक्की झालं की त्याच संध्याकाळी खोली घ्या, रद्द करता येईल अशी.

वेळेबाबत गैरसमज नको. उघड्या जागेवर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम देशभर आहे. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण त्यावर विसंबून राहू नये. म्हणून आपल्याकडे मुख्य कलाकार आठच्या सुमारास येतो आणि दहाच्या आत संपवतो. ‘साडेआठला पोचलो तरी चालेल’ म्हणणारे अर्धा कार्यक्रम रांगेत ऐकतात. आईला घेऊन साडेपाचपर्यंत गेटवर असा. नेरूळ किंवा जुईनगर स्टेशनवरून पुढे रिक्षा मिळते, पण शेवटचा टप्पा पोलिस वाहनांना बंद करतात, तेवढं चालायचं आहे हे धरून चला.

फोनचं नेटवर्क तिथे आडवं होतं, कारण पन्नास हजार लोक एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतात. तिकिटाचा क्यूआर कोड घरूनच फोनमध्ये उघडा राहील असा साठवून ठेवा. दुसऱ्याकडून मिळालेला स्क्रीनशॉट विकत घेऊ नका. कोड एकदाच वाचला जातो आणि त्याच्या दहा प्रती विकलेल्या असू शकतात. चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाण आत जायच्या आधी ठरवा, एखाद्या गेटचा क्रमांक आणि वेळ, दोन्ही. पाण्याची बाटली आणि बहुतेकदा पॉवरबँकही गेटवर काढून घेतात. आईच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, नाहीतर त्याही अडतात. स्वच्छतागृहाला जायची उत्तम वेळ म्हणजे सुरुवातीच्या कलाकाराची शेवटून दुसरी-तिसरी गाणी. मध्यंतर झालं की सगळे एकदम उठतात.

कानांसाठी फोमचे प्लग घ्या, आईला तर नक्कीच. ८५ डेसिबलला कान आठ तास सुरक्षित धरतात आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात, आणि कॉन्सर्ट दोन तास त्याच आसपास चालते. प्लग नीट बसवायची पद्धत: बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. नुसता अडकवून ठेवलेला प्लग काही करत नाही.

संपल्यावर घाई करू नका. शेवटचं गाणं संपताच सगळा स्टँड एकाच जिन्याकडे वळतो. आईसोबत वीस-पंचवीस मिनिटं जागेवरच बसा. नंतर तोच जिना निम्म्या वेळात उतरून होतो. मोकळ्या जागेत सुरक्षा आपोआप जास्त असते असं समजू नका. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विद्यापीठात उघड्या प्रेक्षागृहाच्या उताराच्या पायऱ्यांवर, एकाच प्रवेशद्वाराशी झालेल्या चेंगराचेंगरीत चार जणांचा जीव गेला. पाऊस आला आणि बाहेरचे लोक एकदम आत धावले. म्हणून लॉनवर गेलात तर आत शिरताच दोन बाहेर पडायच्या वाटा शोधून ठेवा, आणि आपण जिथून आलो ती त्यातली एकच आहे हे लक्षात असू द्या. मैदानातल्या गर्दीत हात छातीपर्यंत आणता येत नाहीत असं झालं, की गाणं कितीही आवडतं असो, तिरकं चालत कडेला या. सरळ मागे ढकलत जाऊ नका. आणि गर्दी दाटू लागली की हात आधीपासूनच छातीसमोर ठेवा, म्हणजे श्वासाला जागा राहते.

तिकीट विक्रीच्या दिवशी चौघांनी चार फोनवरून वेगवेगळ्या रांगेत उभं राहा, पण आधी कागदावर लिहून ठेवा: पहिली पसंती कुठला ब्लॉक, दुसरी कुठला, आणि कितीच्या वर जायचं नाही. पहिली निवड संपली की गोंधळात लोक समोर दिसेल ते घेतात, आणि ते बहुतेक वेळा सज्ज्याखालचं किंवा स्टेजच्या पाठीशी असलेलं असतं. ज्याला आधी पान उघडेल त्याने आईच्या, तुमच्या आणि सोबत बसणाऱ्या तिसऱ्याच्या शेजारशेजारच्या तीन सीट पक्क्या कराव्यात, आणि दुसऱ्याने मैदानातली दोन.